दरीतला थांबा

आमच्या बुधवारच्या घरोघरच्या प्रार्थनेचं एक आहे. शेवटचं 'आमेन' झालं तरी कुणी उठत नाही. भाकरी आणि शेंगाचटणी येते, आणि प्रार्थनेपेक्षा गप्पाच लांबतात. किस्से साचतात ते तिथे. त्यातून मला खोदून खोदून विचारायची खोड, त्यामुळे सगळे माझ्याकडेच जमा होतात!

त्यातले बरेचसे मार्था मावशींचे. मावशी म्हणजे रिटायर्ड नर्स, दम्याचा जुना त्रास, आणि आमच्या मंडळीचा आवाज. गाणं त्यांनी उचलायचं, आम्ही मागून ओढायचं. त्यांचं लाडकं गाणं मेंढपाळाचं. त्यात एक ओळ आहे, 'अंधाऱ्या दरीत तू सोबत'. मावशी 'दरीत'वर थांबायच्या, सूंऽऽ करून श्वास घ्यायच्या, मग 'तू सोबत'. आम्ही सगळे त्यांच्याकडूनच शिकलो. त्यामुळे अख्खी मंडळी तिथे थांबते. धडधाकट माणसंसुद्धा!

*

मी एकदा विचारलंच, "मावशी, चालीत तर तिथे थांबा नाही."

"दरीतनं चालताना दम लागत न्हाय व्हय?" मावशी म्हणाल्या. "तू भाकरी खा, सुधाकर."

*

मग पुण्याहून बदली होऊन बँकेतले शांतवनसर आले. सोबत स्वतःचा कीबोर्ड. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही चूक आहे. ओळ सलग म्हणायची."

शनिवारी कडक प्रॅक्टिस झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी चर्चमध्ये दरी आली, सवयीने मंडळी थांबली, आणि कीबोर्ड एकटाच पलीकडे पोचला!

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, व्यासपीठावरून शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही व्हा पुढे. आम्ही मावशींबरोबर येतो."

*

माझ्या भिंतीला भिंत लागून सिद्रामप्पा राहतात. मूळचे दुधनीचे, भुसार मालाचे व्यापारी, कपाळावर विभूती. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आमचं गाणं त्यांना पाठ झालंय. एकदा दुकानात डाळ तोलताना गुणगुणत होते. 'अंधाऱ्या दरीत'... थांबले. हातातली डाळही थांबली.

"अहो, तुम्हाला कुठे दमा आहे?"

"दम्याचा काय संबंध? गाणंच तसं हाय की!"

*

गेल्या वर्षी मावशींच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या बुधवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "मावशी, कशासाठी प्रार्थना करू या?"

"डॉक्टरच्या पोरीची बारावी हाय. तिचे पेपर चांगले जाऊ देत. त्याचं चित्त माझ्या गळ्यावर राहायला पायजे की!"

सगळे हसले. मला हसू येईना. मावशी चपला घालत होत्या, तेव्हा मी हळूच विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती."

"मग एवढं बळ आणता कुठून?"

"रोज सकाळी दूध आणल्यागत मागून आणती. उद्याचं आज मिळत न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाणं गेल्यावर काय करू, ते मातुर अजून कळलं न्हाय बघ."

त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. म्हणून अजून जसंच्या तसं लक्षात आहे.

*

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. मावशी घराबाहेर पडेनात. बोलवायला गेलं की चहा द्यायच्या, हात जोडायच्या, आणि गळ्याकडे बोट करून मान हलवायच्या. आता तिथे माझं काय काम, असा त्याचा अर्थ. मला वाईट वाटायचं. चहा संपवून मी परत यायचो. आम्ही ते गाणं म्हणणंच सोडून दिलं. ठरवून नाही, कुणी काढलंच नाही.

भिंतीपलीकडून सिद्रामप्पांनी एकदा विचारलं, "दरीचं गाणं बंद केलं व्हय तुमी?"

*

मागच्या महिन्यात प्रार्थना आमच्या घरी होती. सुरुवात होणार, एवढ्यात मावशी आल्या! कुणाकडे न बघता मागे दाराजवळ बसल्या. शांतवनसरांनी विचारलं, "कोणतं गाणं घेऊ या?" मावशींनी गाण्यांचं पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवलं आणि ते पुढे सरकवलं. मेंढपाळाचं!

आम्ही सुरू केलं. उचलायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज चारी दिशांना चालले होते. दरी आली. 'अंधाऱ्या दरीत'... आणि सगळे थांबले. मी चोरून बघितलं. शांतवनसरांनीही कीबोर्डवरची बोटं उचलली होती.

पण पुढे कधी जायचं? ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले, मी सरांकडे. घरात नुसता पंख्याचा आवाज. मागे वळून बघायची कुणाची हिंमत होईना.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

सूंऽऽ.

"तू सोबत," आम्ही सगळे एकदम म्हणालो.