पडवीतली होडी

बायको लेकीकडे पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. लेकीचं बाळंतपण झालं होतं. ती आणि जावई दोघंही नोकरीवाले, तेव्हा बाळाजवळ घरचं माणूस हवं होतं. तीन महिन्यांचं वर्ष झालं, मग दीड. त्यात कोणाचीच चूक नव्हती. मी अधूनमधून जाऊन यायचो, पण तिथल्या दोन खोल्यांत मला करण्यासारखं काही नसायचं. नात रडली की तिला आजी लागायची. आंब्याच्या कलमांना पाणी घालायचंय असं सांगून मी आठवड्यात परत यायचो.

बँकेतून निवृत्त झालो होतो. रत्नागिरीच्या घरात सकाळचा चहा, आंघोळ, पेपर झाला की पुढे सबंध दिवस पडलेला असायचा. कधीकधी दुपारी बायकोशी फोनवर बोलताना माझाच आवाज मला घोगरा वाटायचा. दिवसभरात तो पहिल्यांदा वापरलेला असायचा.

होडी बांधायचं डोक्यात आलं ते एक व्हिडिओ बघून. कोणी परदेशी म्हातारा आपल्या गॅरेजमध्ये एकट्यापुरती होडी करत होता. प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची आणि कपडा शिवावा तशा तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना जोडायच्या. सांधे रेझिनने पक्के झाले की तारा ओढून काढायच्या आणि वरून फायबरचं कापड चिकटवायचं. मी तो व्हिडिओ रोज बघायला लागलो. मग एक दिवस जाऊन प्लायवूड घेऊन आलो.

मी जन्मलो समुद्राजवळ, पण पाण्यातला नव्हे. वडील मालवाहू जहाजावर होते. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचे. आम्ही विचारायचो, तिकडे कसं होतं? बरं होतं, एवढंच म्हणायचे आणि अंगणात जाऊन बसायचे. आम्हा भावंडांना त्यांनी कधी किनाऱ्याकडे फिरकू दिलं नाही. पोहायला मी विहिरीत शिकलो, तेही ते जहाजावर असताना.

पडवीत काम सुरू झालं. पहिली फळी वाकडी कापली गेली आणि फुकट गेली. आयुष्यभर नोटा आणि कागद हाताळलेल्या हातांना करवत ऐकत नव्हती. पण हळूहळू ऐकायला लागली. शेजारच्या काकूंनी दगडी गडग्यावरून वाकून विचारलं, गुरांना पाणी पाजायची डोण करताय का, तुमच्याकडे तर गुरं नाहीत. मी हसून हो म्हटलं. पॉलिशपेपर घासता घासता दुपार कधी सरली ते कळायचं नाही, आणि दुपारच तर मला सगळ्यात जड जायची.

थंडीभर मी भाट्याच्या खाडीत होडी वल्हवायला शिकलो. दोनदा उलटलो. पोहणं येत होतं आणि अंगात लाइफ जॅकेट होतं, म्हणून निभावलं. मग वाटायला लागलं की दूर जावं. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने मला होडीसकट दाभोळला सोडलं. भरतीबरोबर वाशिष्ठीच्या खाडीत वर जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं, असा बेत होता.

वर जाणं सोपं गेलं. पाणीच नेत होतं. दोन्ही बाजूंना कांदळवन, त्यामागे डोंगर, आणि होडीच्या पोटाला लागणाऱ्या पाण्याचा आवाज. मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूत बसून चाललोय, या आनंदात भान राहिलं नाही. एका फाट्यात आत शिरलो आणि तिथेच रेंगाळलो. वळलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. बघता बघता होडी चिखलाला टेकली. बाहेर पाय टाकला तर मांडीपर्यंत रुतला. कसाबसा पाय उपसून परत आत बसलो.

आता भरती येईपर्यंत बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. या खाडीत मगरी आहेत हे मला माहीत होतं. चारी बाजूंना राखाडी चिखल, त्यावर फिरणारे खेकडे, लांब एक बगळा. माणूस कुठेच नाही. ऊन चढलं. बाटलीतलं पाणी जपून प्यायलो. भीती सुरुवातीला वाटली. नंतर उरलं ते वेगळंच होतं. मी इथे आहे हे टेम्पोवाल्याखेरीज जगात कोणालाही ठाऊक नाही, आणि घरात असतानाही माझं तसंच असतं, हे तिथे चिखलात बसून लक्षात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा रोजचा दुपारचा फोन. मागे नात रडत होती.

"जेवलात?"

"हो. डाळ-भात."

"वारा कसला येतोय हो एवढा?"

"पडवीत बसलोय."

सगळं बरं आहे ना, तिने विचारलं. बरं आहे, मी म्हटलं. ती नातीकडे धावली आणि फोन बंद झाला. वडिलांचा तो एकच शब्द माझ्या तोंडून तसाच्या तसा निघाला होता. त्यांना सांगण्यासारखं खूप असणार. ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कसं उभं करायचं, हे त्यांना सुचत नसावं.

सूर्य कलल्यावर पाणी आलं. आधी बारीक ओहोळ, मग होडीखाली एक हलकासा धक्का. भरतीच्या उलट वल्हवत दाभोळला पोचलो तेव्हा हात उचलवत नव्हते.

मे महिन्यात बायको पंधरा दिवस आली. फोनवर ऐकलेली होडी तिने पडवीत पहिल्यांदा पाहिली आणि तिला वळसा घालून पिशव्या आत नेल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला चिखलातली गोष्ट सांगितली.

"मग तेव्हाच सांगायचंत ना," ती म्हणाली. "मी फोन ठेवला नसता."

नंतर म्हणाली, नात झोपली की त्या घरात तिलाही कोणाशी बोलायला नसतं. मी इकडे होडीत रमलोय, तिची आठवण कशाला काढेन, असं तिला वाटायचं. पाण्याची तिला भीती. खाडीवर यायला ती तयार झाली नाही. पण एका दुपारी बघतो तर पडवीतच, होडीत पाय पसरून बसली होती आणि मांडीवरच्या ताटात फणसाच्या आठळ्या सोलत होती. मी पायरीवर बसलो. ताटातल्या थोड्या आठळ्या मीही सोलायला घेतल्या.

पावसाच्या आधी मी तिला स्टेशनवर सोडून आलो. होडी आता पडवीत पालथी घातली आहे, पाऊस सरेपर्यंत. दाभोळनंतर एक सवय लागली आहे. पहाटे जाग आली की खाडीत पाणी चढतंय की उतरतंय, हे मनात आपोआप येतं. भरती लागली असेल, असं मी कधीकधी मोठ्याने म्हणतोही. मग उठून एक कप चहा ठेवतो.