पडलेल्याची जबानी

आमच्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटाशी आमची आठ-दहा घरं. भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. माणूस आजारी पडलं की घोंगडीची झोळी करून बांबूला बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा आणि पायवाटेनं खाली डांबरीपर्यंत आणायचं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला असंच आणलं. आई वाचली, भाऊ राहिला नाही. त्यावरून घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. रस्ता नाही म्हणजे नाही.

मी आश्रमशाळेत शिकले, मग घोडेगावला कॉलेज, कॉम्प्युटर सायन्स. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी आजही पहिल्या भेटीतच सांगते. लाज कसली?

पुढं ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांनाही सांगितलं होतं. आळेफाट्याला एका पाइप-फिटिंगच्या दुकानावर त्यांची खोली होती. तिथं ते सर्व्हर सांभाळायचं काम करत. कुणाचं दूध संकलन, कुणाची ट्रकची बुकिंगं. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन ते म्हणाले, "वा! मग ग्रॅज्युएट, बसा. मी बारावी नापास." मला वाटलं चेष्टा करतात. ते खरं होतं.

तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं त्यांचं जैन घर. खालचं दुकान भावाचं. लोक दोघांनाही शेठ म्हणायचे. हे जिन्यावरूनच दुरुस्ती करायचे, "शेठ खाली बसलाय. वर कामगार आहे." आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो.

तुम्ही कधी सर्व्हरचं काम केलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, तो पडला की हात आपोआप पुन्हा सुरू करायला जातो. फोन वाजत असतात, लोक ओरडत असतात. जेवताना 'पुरे' म्हणून आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तसा त्या वेळी भाऊंचा हात माझ्या कीबोर्डवर आडवा यायचा.

"थांब. आधी त्याला विचारू."

"कुणाला?"

"पडला त्याला."

त्यांची रीत अशी. आमचे सर्व्हर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले. भाऊंनी ते असे लावले होते, की प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, कोसळताना त्या क्षणी तिच्या मेमरीत जे काही असेल ते सगळं एका फाइलीत टाकून जायची. ही कोअर फाइल. डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधायचं साधन, नुसत्या त्यात ती उघडली तर आकडे दिसतात, आकड्यांवर आकडे, माणसाला काही कळू नये असे. पण डीबगरला एक प्लगिन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम जोडला, की त्याच आकड्यांतून आपण लिहिलेल्या वस्तू दिसायला लागतात. कुठलं फंक्शन चालू होतं, त्याला कुणी बोलावलं, हातात काय होतं. मेमरीतला एखादा पत्ता दिला की तिथली वस्तू उलगडून दाखवतं, नावानिशी.

भाऊ हे तासन्‌तास करायचे. एकदा ओतूरकडच्या एका दूधवाल्याचा फोन आला, "भाऊ, तुमचं मशीन मेलं राव!"

"मेलं ना? मग आता कुठं पळून जातंय. दहा मिनिटं द्या."

"अवो, इथं क्यान घिऊन लोक उभे हायेत!"

"त्यांना बसवा."

दूधवाल्यानं मग शिव्या दिल्या असतील, पण त्याचा सर्व्हर त्याच कारणानं परत पडला नाही.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात मी डब्यात सुकट नेली. डबा उघडताच भाऊ आपला खाकऱ्याचा डबा घेऊन गॅलरीत गेले. मी शरमले. दुसऱ्या दिवशी नुसती चटणी-भाकरी नेली, तर त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "काय ग्रॅज्युएट, आज मासे संपले का?"

"तुम्हाला त्रास होतो ना."

"मला गॅलरी आहे की. तू तुझं खा." त्यानंतर पाच वर्षं ते गॅलरीतच जेवले. खालून ट्रकचा धूर यायचा, तरी.

आता मूळ गोष्टीकडे येते. डोंगरातल्या बाळंतिणींसाठी एक संस्था जीपा चालवायची. प्रत्येक वाडीवर संस्थेची एक कार्यकर्ती. तिनं फोनमध्ये वाडी निवडायची, बटण दाबायचं. आमचा सर्व्हर जवळची जीप शोधून ड्रायव्हरला निरोप देणार. हे काम भाऊंनी पूर्ण माझ्यावर सोपवलं. मी ते एकटीनं लिहिलं. वाड्यांची आणि तिथं जीप थांबायच्या जागांची यादीसुद्धा मीच भरली, कारण त्या वाड्या माझ्या पायाखालच्या. मला फार अभिमान होता त्याचा.

पुढं भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन डोळे, एकामागून एक. दीड महिना स्क्रीनकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तेवढ्यात मी एक सुधारणा केली. सर्व्हर पडला की दोन सेकंदांत आपला आपण उठेल अशी सोय लावली. कधीमधी पडायचा. उठायचा. कुणाचा फोन नाही, ओरडा नाही. मी खूश.

काळा चष्मा लावून भाऊ परत आले त्या दिवशी मी कोअर फायली पुसायला घेतल्या होत्या. डिस्क भरत आली होती.

"काय पुसतेस?"

"पडलेल्या प्रोसेसच्या फायली. पडतो आणि उठतो आपला. ही मढी कशाला सांभाळायची?"

त्यांचा हात आडवा आला. चष्म्यामुळे अंदाज चुकला आणि तो कीबोर्डवर न पडता माझ्या चहावर पडला. चहा सांडला, पण फायली राहिल्या.

त्याच आठवड्यात संस्थेचा फोन आला. हौसाताई म्हणून एका वाडीची कार्यकर्ती होती. मागच्या आठवड्यात तिच्या वाडीतली बाई वाटेतच बाळंत झाली, झोळीतून आणताना, ओढ्याच्या कडेला. आई आणि बाळ दोघंही बरी होती, पण घरचे चिडले होते. हौसाताई म्हणत होती मी जीप मागवली. संस्था म्हणत होती, आमच्याकडे नोंदच नाही. तिला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं. गुरुवारी अकराला घोडेगावला बैठक. आम्ही फक्त नोंद नाही असं लिहून द्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

हौसाताईनं मलाच फोन केला. "ताई, मी बटान दाबलं व्हतं. तीनदा दाबलं. नुस्तं फिरत ऱ्हायलं. मी खोटं न्हाई बोलत वं."

मी डेटाबेस बघितला. काहीच नव्हतं. "रेंज नसेल," मी भाऊंना म्हटलं.

"नसेल. किती वाजता दाबलं म्हणते?"

"दुपारी दोनच्या सुमाराला."

"दोनला आपला कोण पडला होता का?"

पडला होता. दोन वाजून सहा मिनिटांनी, आणि लागोपाठ तीनदा.

भाऊंना स्क्रीन बघायची अजून मनाई. ते खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मी बघत नाही. तू वाच." मी फाइल उघडली, प्लगिन जोडलं, आणि वाचत गेले. ते पुढची पायरी सांगायचे. आधी कुठं कोसळला ते विचार. मी विचारलं. जीप शोधणाऱ्या फंक्शनमध्ये, मी लिहिलेल्या. आता मागणीच्या वस्तू किती आहेत ते विचार. एक. तिचा पत्ता घे. उलगड.

मी मोठ्यानं वाचत होते. मागणी करणाऱ्याचा नंबर. हौसाताईचा. वेळ, दोन वाजून सहा मिनिटं. कारण, बाळंतपण. वाडीचं नाव. तिच्यासमोर जीप थांबायच्या जागांची यादी, लांबी शून्य.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"पुढं?" भाऊ म्हणाले.

"यादी रिकामी आहे. मी पहिली जागा मागतेय आणि पहिली जागाच नाही. तिथं पडला."

"रिकामी कशी?"

कशी ते मला चांगलं माहीत होतं. त्या वाडीला गाडीरस्ता नाही. माझ्या वाडीसारखीच तीही. शहरातल्या कुणी यादी भरली असती तर नकाशावर बघून जवळचा कुठला तरी फाटा टाकून दिला असता. मला खरं ठाऊक होतं. जीप तिथं जात नाही, म्हणून मी तो रकाना कोरा ठेवला. प्रामाणिकपणे. आणि नोंद करायची ती जीप ठरल्यानंतर, हेही मीच लिहिलेलं. त्यामुळे मागणी आली, सर्व्हर पडला, उठला, आणि कुठं काही राहिलं नाही. राहिलं ते मी पुसायला निघाले होते त्या फाइलीत.

"बाकीच्या उघड," भाऊ म्हणाले.

जुन्या फायली उघडल्या. त्यांत आणखी दोन वाड्या निघाल्या, दोन्ही बिनरस्त्याच्या. तिथून कुणी तक्रारच केली नव्हती. निरोप गेला नाही म्हटल्यावर त्यांनी झोळी बांधली असणार, नेहमीसारखी.

भाऊ खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "जेवून घे, ग्रॅज्युएट." मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी एसटीनं घोडेगावला जाताना मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगाल ना? सर्व्हरमध्ये प्रॉब्लेम होता म्हणून."

"सांगतो की. माझं ऑफिस आहे, मला सांगायला काय जातंय." खिडकीतून बाहेर बघत ते पुढं म्हणाले, "पण ते विचारतील, सर्व्हरला काय झालं. मग मी म्हणणार, पडला. मग ते म्हणणार, पडला असेल, पण हिनं दाबलं होतं कशावरून? हौसाताई अर्धीच सुटेल."

बैठकीत संस्थेच्या बाई, दोन पुरुष आणि भिंतीशी हौसाताई. तिला खुर्ची दिली होती तरी ती उभीच. भाऊंनी छापलेला कागद माझ्या हातात दिला आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले.

मी उभी राहिले. म्हटलं, "हौसाताईंनी दोन वाजून सहा मिनिटांनी मागणी केली. तीनदा केली. ही त्या वेळची मेमरी, हा त्यांचा नंबर. मागणी आमच्यापर्यंत पोहोचली होती. ज्या वाडीला रस्ता नाही तिचा रकाना मी कोरा ठेवला, म्हणून सर्व्हर पडला. चूक माझी आहे. आणखी दोन वाड्यांच्या मागण्या अशाच गेल्यात, त्यांची नावंही यात आहेत."

एका पुरुषानं विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला ते सांगावंसं वाटलं नाही. तरी सांगितलं.

हौसाताई मध्येच म्हणाली, "आवो, तिला कशाला बोलताय? आमच्या वाडीला रस्ता न्हाई ही तिची चूक व्हय?" मग मात्र मला रडू आलं. भाऊ दाराजवळून म्हणाले, "बाई, रस्ता नाही ही चूक तिची नाही. रकाना तिचाच." ती हसली. मलाही हसू आलं.

त्या महिन्यात आम्ही तिन्ही वाड्या पायी फिरलो. भाऊ डोळ्यांचं कारण सांगून घरी राहू शकले असते, पण ते आले, पांढऱ्या बुशशर्टात, हातात उकळलेल्या पाण्याची बाटली. पायवाट डांबरीला कुठं मिळते ती जागा नोंदवली. खांदा देणारे कोण, त्यांचे नंबर घेतले. आता मागणी आली की आधी नोंद होते, मग जीपवाल्याला आणि खांदेकऱ्यांना एकदमच निरोप जातो. जीप खाली येऊन उभी असते.

दोन वर्षांनी पर्युषणाच्या दिवसांत भाऊ गेले. सकाळी जिना चढून आले, बसले आणि गेले. शेवटच्या दिवसांत ते एका लस्सीवाल्याच्या सर्व्हरच्या मागं लागले होते. ते काम मी पूर्ण केलं. गॅलरीत आता त्यांच्या भावाच्या दुकानाचे पाइप ठेवतात.

हौसाताई अजून कामावर आहेत. आता त्या चार वाड्या बघतात. आज सकाळी त्यांच्याकडून दोन मागण्या आल्या, आणि दोन्ही बाया वेळेवर दवाखान्यात पोहोचल्या.