माहूरच्या पायऱ्या, नांदेडच्या फरशीवर

प्रोजेक्टर तापला की धुळीचा जो करपट वास सुटतो, त्यानं मला नांदेडच्या कॉलेजातली आमची शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट-परीक्षा आठवते. लोकांनी नुसतं न बघता ज्यात काहीतरी करायचं, असं काम प्रोजेक्टरनं उभं करायचं होतं. माझ्या प्रोजेक्टात दाबायला नुसती बटणंच बटणं होती. माहूरच्या माझ्या मैत्रिणीनं मात्र रिकाम्या खोलीच्या फरशीवर गडाच्या पायऱ्या प्रोजेक्टरच्या उजेडानं उमटवल्या होत्या. दगडांचे झिजलेले काठ, सांडलेलं कुंकू, सगळं हुबेहूब. पायरीवर पाय पडला की घंटा वाजायची. परीक्षक बूट घालून दारातच उभे राहिले. म्हणाले, "हा तर व्हिडिओ झाला. यात लोकांनी करायचं काय?" मैत्रीण गोरीमोरी झाली. तेवढ्यात सफाईच्या मावशी झाडू घेऊन आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. "या की मावशी आत," मैत्रीण म्हणाली. "थांब माय, चपला तर काढू दे. देवीच्या पायऱ्या हायेत ह्या!" झाडू भिंतीला टेकवून मावशी अनवाणी पुढं गेल्या. घंटा वाजली तसे त्यांचे हात आपसूक जोडले गेले. परीक्षकांनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली. आता लातूरला मीही उजेडाची असलीच कामं करते. कुणी बघायला आलं की माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे जाते. अजून एकानंही चप्पल काढलेली नाही.