सिस्टर आणि दोन कविता

टॅब हातभर लांब धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "थांब भाऊ, मला समजून न्हाई राह्यलं." आमच्या सिस्टरची ही सवय. काही कळलं नाही तर आपण मान डोलावतो आणि पुढं जातो. तुम्हीही तेच करत असाल. सिस्टर मात्र तिथंच थांबायच्या, आणि त्यांच्यासोबत सगळ्यांना थांबावं लागायचं.

वाटूरजवळच्या आरोग्य केंद्रात मी कॉम्प्युटरवर बसतो. सिस्टर तिथल्याच एका उपकेंद्राच्या नर्स. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या नोंदी आता टॅबवर करायच्या, असा आदेश आला तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्याच दिवशी आम्ही शेवटच्या पाळीच्या तारखेवर अडकलो. "बाई म्हणती, पोळा झाल्यावर. ह्याच्यात पोळा कुठं हाय?"

"अंदाजे तारीख टाका ना."

"मंग बाळंतपण बी अंदाजेच दाखवंल का हे?"

बाईचं नाव नोंदवताना येणाऱ्या ओटीपीचा घोळ वेगळाच. नंबर नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला दूर कारखान्यावर. सिस्टर रेंजसाठी शाळेच्या भिंतीजवळ उभ्या राहून त्याला सांगायच्या, "तुला आकडा आला असंल, तेवढा वाच. मी बँकेची न्हाई, दवाखान्याची हाय." तो घाबरून फोन कापायचा. सिस्टर पुन्हा लावायच्या.

बारसं न झालेल्या मुलांची नावं यादीत नुसती 'बाळ' अशी यायची. खालपर्यंत सगळी बाळंच. "ह्यातलं माझं कोणतं?" त्या विचारायच्या. एकदा त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पोराचं वजन अठ्ठावीस किलो टाकलं. टिंब राहिलं होतं. वरून फोन आला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "पोरगं छोटंच हाय साहेब, म्या उचललंय."

तेव्हा त्यांचा गोंधळ खोटा नव्हता. तरीही कधी कधी मला शंका यायची. ती अजून फिटलेली नाही.

एका सकाळी टॅबवर कविता संतोष गायकवाड ही एकच बाई दिसायला लागली. गावात त्या नावाच्या दोघी होत्या. एक गावठाणातली, शेतकऱ्याच्या घरची. दुसरी बौद्धवाड्यातली, तिचा नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं सारखं, आणि दोघींनाही नववा महिना. कुठंतरी कोणीतरी ही नोंद दोनदा झाली असं समजून दोघींची एक करून टाकली होती. माणसानं केली की मशीननं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्या एका नावाखाली रक्ताचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे, दोन आकडे होते, सात आणि अकरा. अकरा म्हणजे ठीक. सात म्हणजे बाळंतपणात बाईच्या जिवाला धोका. टॅबनं अकरा धरून नावापुढं हिरवी खूण केली होती.

"सिस्टर, सात कोणाचं होतं?"

"दोघी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या, भाऊ. आठवून न्हाई राह्यलं."

एकीचं कार्ड माहेरी हसनाबादला राहिलेलं. दुसरीचं भिजून पुसून गेलेलं. रक्त तपासायच्या पट्ट्या संपलेल्या. सिस्टरनी दोघींना उन्हात उभं करून डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला तर दोघी सारख्याच दिसून राह्यल्या." आणि त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

गाडी आली. बौद्धवाड्यातली कविता पिशवी घेऊन बसली. गावठाणातल्या कविताची सासू दारात आडवी आली. "आमची सून ठणठणीत हाय. अन् तिच्यासंगं एका गाडीत कशाला?"

"मला समजलं असतं तर एकीलाच नेलं असतं, मावशी. न्हाई समजलं, म्हणून दोघी."

"तुम्हाला समजत न्हाई, तेचा ताप आमच्या सुनेला कशाला?"

"बराबर हाय तुमचं," सिस्टर म्हणाल्या, आणि सुनेची पिशवी उचलून चालायला लागल्या. भांडायला तयार असलेल्या सासूला हे अपेक्षित नव्हतं. तिला काही सुचायच्या आत सून गाडीत बसली होती.

जालन्याला रक्त तपासलं. दोघींचंही सातच्या आसपास निघालं. दोघींना रक्त चढवावं लागलं. गावठाणातल्या कविताला मुलगी झाली, दुसरीला मुलगा. दोघी सुखरूप घरी आल्या.

मग अकरा कोणाचं होतं? मी पुष्कळ शोधलं. तिसरी कोणी बाई होती, की बोट चुकून दुसऱ्या आकड्यावर पडलं? सिस्टरना विचारलं की त्या म्हणायच्या, "असंल कोणाचं तरी. तिचं तरी बरं हाय." आज तो आकडा आठवला की एकच मनात येतं. आम्हाला समजलंय असं वाटून एकीलाच नेलं असतं तर?

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, एका नोंदीवर दोन पेशंट कशा गेल्या? सिस्टर उभ्या राहिल्या. "तेच तर समजून न्हाई राह्यलं, साहेब." सगळे हसले. त्याही थोड्या हसल्या. कोणाला हसल्या, ते मला ओळखता आलं नाही.

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडं अंबडला राहायला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही. त्यांचा नंबर लावला की दुसराच कोणी माणूस उचलतो.

त्या निघाल्या त्या दिवशी वाटूर फाट्यावर दोन्ही कविता पोरं घेऊन आल्या होत्या. सिस्टरनी दोन्ही पोरं काखेत घेतली, एकेकाचा मुका घेतला. तेवढ्यात एसटी आली. घाईघाईत त्यांनी पोरं परत दिली आणि वर चढल्या. पोरांची अदलाबदल झाली होती. ते दोघींच्याही ध्यानात आलं. दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या, पण पोरं काही लगेच बदलली नाहीत. गावठाणातल्या कवितानं ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या पोराचा हात धरून बसकडं हलवला, आणि बस वळेपर्यंत ती तो हलवतच राहिली.