संडासाच्या भिंतीचं हँडल

नवीन घर बांधलं ते बायकोसाठी. दोन वर्षांआधी तिला लकवा मारला, डावं अंग गेलं. जुन्या घरी संडास आंगणापलीकडे. सून धरून न्यायची, धरून उठवायची. बायकोला त्याची फार लाज. म्हणून नव्या घरात खोलीला लागूनच संडास काढला, कमोड बसवला आणि उजव्या बाजूच्या भिंतीला स्टीलचं हँडल. ते धरून आपलं आपण उठता यावं, एवढंच तिनं मागितलं होतं.

राहायला गेल्यावर आठव्या दिवशी हँडल उपटून तिच्या हातात आलं. हाक ऐकून गेलो तर ती तशीच बसलेली, हँडल मांडीवर.

मिस्त्रीला बोलावलं. आमच्याच गावचा, मला मामाजी म्हणणारा. त्यानं लांब स्क्रू मारून दिले. पंधरा दिवसांनी हँडल पुन्हा निघालं, या वेळी पलस्तरासकट. माझं डोकं फिरलं. एकोडीच्या चौकात तो चहा पीत होता, तिथं जाऊन चार माणसांसमोर हँडल त्याच्या पुढ्यात टाकलं.

"सिमेंट खाल्लं तुनं माह्या घरचं."

त्यानं हँडलला चिकटलेला पलस्तराचा तुकडा काढला, बोटांत चुरला. भुकटी झाली.

"मामाजी, तराई किती दिवस केली?"

"आठ दिवस. दोन्ही टाइम."

तो चहा तसाच ठेवून उठला.

आता खरं लिहितो. सिमेंटच्या भिंतीला आठ-दहा दिवस पाणी मारत राहावं लागतं, तेव्हा ती पकडते. त्यालाच तराई म्हणतात. मिस्त्री म्हणाला होता, माझा माणूस येऊन पाणी मारून जाईल. मीच अडून बसलो, घर माझं, पाणी मी मारीन. पण उन्हाळी धान निसवला होता, लोंब्या निघायच्या वेळी त्याला पाणी लागतंच, बोअरचं पाणी खाली गेलेलं, मोटारीला विजेची लाईन दिवसातून थोडाच वेळ. दोन दिवस भिंतीला पाणी मारलं. मग पाईप धानाच्या बांधीत सोडला, तो तिकडेच राहिला. भिंत वरून चांगली गुळगुळीत दिसत होती.

साकोलीहून दुसरा मिस्त्री आणला. त्यानं भिंत ठोकून पाहिली, कोणी केली ते विचारलं आणि सामान उचललं. त्याले विचारल्याबिगर मी हात लावत नाही, म्हणाला. आमच्याकडे मिस्त्री लोक ही रीत पाळतात. पहिल्याकडे जायला माझे पाय उठेनात. तीन महिने गेले. बायकोला मीच उठवायचो, सुनेला येऊ देत नव्हतो. एकदा उठवताना ती म्हणाली, "पाईप कोठं जाऊन राहिला होता, मले जुन्या घरी खाटेवरून दिसे."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी आयकलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. "मले तवाच समजलं होतं मामाजी," एवढंच तो म्हणाला. येऊन जुनं पलस्तर खरवडलं, नवीन केलं. दहा दिवस पाणी मी मारलं, एकही वेळ चुकवली नाही. हँडल बसलं. मी लोंबकळून पाहिलं, हलत नाही.

चौकात मात्र मी अजून काही बोललो नाही. तिथं अजून त्यानंच सिमेंट खाल्लं आहे.

आणि बायको आता एकटी उठत नाही. तीन महिन्यांत उजव्या पायातला जोर गेला की मनातला भरवसा गेला, मला सांगता येत नाही. हात हँडलवर ठेवते आणि मला हाक मारते.