बोगद्यात अडकलेलं इंजिन

इंजिन बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलंच नाही. खुर्चीवर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीने थोडी वाट पाहिली. मग हात मागे ओढला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. सिस्टर फियोनाने न वापरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सकाळपासूनची ही चौथी," ती म्हणाली.

मी ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल इक्विपमेंट इंजिनियर आहे. सलाइनचे पंप, हार्टचे मॉनिटर हे माझं काम. पण मुलांचं रक्त घेतात त्या खोलीत भिंतीलगत एक मॉडेल रेल्वे आहे. फियोनाची पद्धत ठरलेली. गाडी बोगद्यात शिरली की मूल ती बाहेर यायची वाट बघत बसतं, आणि तेवढ्यात फियोना काम उरकते. आता गाडी बाहेर येत नव्हती, म्हणून रक्तही मिळत नव्हतं. मुलांच्या अपॉइंटमेंट पुढे जात होत्या.

दुरुस्तीची नोंद करायला गेले, तर माझा बॉस कॉलिन म्हणाला, "अ‍ॅसेट नंबर? हॉस्पिटलच्या प्रत्येक यंत्राला असतो तो."

"नाही. आगगाडी आहे ती."

"नंबर नाही तर जॉब ओपन होत नाही." त्याने जरा विचार केला आणि तिची नोंद 'पेशंट डिस्ट्रॅक्शन डिव्हाइस' अशी केली.

गाडी मुळात डॉ. आगाशेंची. ते आमच्याकडचे मुलांचे डॉक्टर, मूळचे सातारचे. घरी लॉफ्टमध्ये पडून होती म्हणून त्यांनी ती हॉस्पिटलला दिली होती. दर अर्ध्या तासाने ते डोकावून जायचे.

"अगं मृणाल, मोटर गेली असणार. बदलून टाक."

"डॉक्टर, तुम्ही तपासल्याशिवाय ऑपरेशन करता का?"

"मी ऑपरेशन करतच नाही. म्हणून तर तुला सांगतोय."

या इंजिनाला बॅटरी नसते. वीज रुळांतून येते, चाकांतून वर चढते आणि आतल्या डीकोडर नावाच्या छोट्या सर्किटमधून मोटरला मिळते. म्हणजे बिघाड रुळात, चाकात, नाहीतर सर्किटमध्ये. मी मल्टिमीटरची टोकं रुळांवर टेकवली. स्टेशनजवळ व्होल्टेज पूर्ण. बोगद्याचं झाकण उचलून आतही पाहिलं, तिथेही पूर्ण. इंजिन वर्कशॉपमध्ये नेलं, सवयीने चाकं पुसली आणि टेबलावरच्या रुळांवर सोडलं. तासभर ते शहाण्यासारखं फिरलं.

परत आणून ठेवलं, तर बोगद्यात थांबलं.

इथे मी हुशारी केली. इंजिनात एक कपॅसिटर बसवला. घरात पाण्याची टाकी असते ना, तसा हा विजेचा साठा. रुळातून वीज क्षणभर तुटली तरी इंजिन त्यावर पुढे जातं. गाडी बोगद्यातून झोकात बाहेर आली. डॉ. आगाशेंनी टाळ्या वाजवल्या. मग फियोनाने स्टेशनवर गाडी थांबवायला नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला. पण आता इंजिनाकडे स्वतःचा साठा होता. ते स्टेशन ओलांडून पुढे गेलं, बोगद्यात शिरलं आणि तिथेच जाऊन बसलं.

"आधी ते अडकत होतं," फियोना म्हणाली. "आता लपतंय."

दोन दिवसांनी कपॅसिटर असूनही ते बोगद्यात थांबायला लागलं. मी गुडघ्यावर बसून हात आत घातला आणि रुळावरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. त्याला लिंबाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चहाचे दोन कप घेऊन क्लीनर मोरॅगला गाठलं. ती साठीची, कामाला चोख.

"मोरॅग, ही रेल्वे कोण पुसतं?"

"मीच. इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांनी सांगितलंय, रोज पुसायची. मी फर्निचर पॉलिश मारते. बघ कशी चमकते."

"आणि बोगद्यात?"

"तिथे माझा हात नीट पोचत नाही. म्हणून आत जरा जास्त मारते."

सगळा उलगडा झाला. बाहेरचं पॉलिश ती पुसून काढत होती, आतलं तसंच साचत होतं. त्या थरातून वीज चाकापर्यंत पोचत नव्हती. माझ्या मीटरची टोकं सुईसारखी, ती थर खरवडून खाली जायची आणि सगळं ठीक असल्याचं सांगायची.

पण पुसणं बंद करता येणार नव्हतं, ते कॉलिनच्याही हातात नव्हतं. मी फियोनाला अडचण सांगितली. तिने खिशातून अल्कोहोलचा स्वॅब काढला, सुई टोचण्याआधी त्वचा पुसायचा. तो लांब चिमट्यात धरला आणि बोगद्यात आरपार फिरवला. स्वॅब काळा होऊन बाहेर आला. जंतू मरतात, डाग राहत नाही, आणि रुळांना हेच सगळ्यात चांगलं. मी सर्किट जाणते, आणि हे मला सुचलं नव्हतं. मी कपॅसिटर मुकाट्याने काढून टाकला.

आता मोरॅग रूळ पॉलिशऐवजी रोज अशाच स्वॅबने पुसते. गाडी बाहेर येते, मुलं बघतात, रक्त मिळतं. ती मात्र नाराज आहे. तिच्या मते रूळ पूर्वीसारखे चमकत नाहीत, आणि ते खरंच आहे.

मी एवढंच शिकले, की यंत्र उघडण्याआधी ते रोज कोण पुसतं हे विचारावं.