तिसऱ्या माळ्यावरची रांग

मालनताई परब चिंचपोकळीच्या चाळीत चाळीस वर्षं नांदल्या, त्या तोंडाच्या जोरावर. कुणाशी वाजलं की पदर खोचून थेट त्याच्या दारात उभ्या. पण सुनेने हातात मोबाईल दिला आणि बाईंना घरबसल्या भांडायची चटक लागली.

शेजारच्या रघुवीरचा मुलगा म्हणून वाढलेली ओवी आता बाई म्हणून राहत होती. तिने तिसऱ्या माळ्यावरच्या बायकांच्या सामायिक संडासात जायचं की नाही, यावरून चाळीच्या ग्रुपवर रण माजलं. मालनताईंनी लिहिलं, ‘आमच्यात तो नको.’ पटापट चोवीस अंगठे आले. बाई खूश!

दुसऱ्या संध्याकाळी ओवीच दारात आली. "काकू, लिहिलंत ते तोंडावर बोला ना."

मालनताईंनी सवयीने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. ओवीने मान हलवली.

"एवढा राग? आमच्या घरचं पाणीपण चालत नाय?"

"राग नाही, काकू. चाळीत असताना मी पाणीच पीत नाही. प्यायले तर जाऊ कुठे? पुरुषांकडे गेले की बाहेरून कडी वाजवतात, इकडे तुमची बंदी. ऑफिसात पोचेपर्यंत दाबून धरते. काल डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन झालंय. रविवारी दुसरीकडे खोली बघतेय."

मालनताईंनी तांब्या खाली ठेवला. पण मनातलं त्यांनी लपवलं नाही. "मला भीती वाटते गं. माझी नात श्रेया एकटी जाते तिथे."

"श्रेयाला सांभाळायला माझ्याकडेच ठेवायचात ना तुम्ही?"

खरंच होतं ते. ‘तो नको’ लिहिताना हा चेहरा एकदाही डोळ्यांसमोर आला नव्हता. मालनताईंना स्वतःचीच लाज वाटली.

"खोली बिली काय बघू नको," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

सकाळी रांगेत त्यांनी ओवीला आपल्या पुढे उभं केलं. दोन बायका नाक मुरडून परत गेल्या. मागे शांता उभी होती, ग्रुपवर सगळ्यांत जहाल लिहिणारी.

"ज्याला काय बोलायचंय, त्याने हिच्या तोंडावर बोलावं," मालनताईंनी सगळ्यांना ऐकवलं.

शांता ओवीकडे बघत राहिली. ओवीचा नंबर आला, तशी शांता खेकसली, "ए बाय, बादली भरून ने! मागून आम्हाला जायचंय."

चाळीतल्या प्रत्येक बाईला शांता रोज हेच सुनावते.